पेपर टाकायच्या आधी तारखा मोजा: पगार, बोनस आणि आपलं नाव सांभाळून नोकरी कशी सोडायची

नोकरी बदलायची ठरली की जो तो पहिला प्रश्न हाच विचारतो की पेपर कधी टाकू, म्हणजे राजीनामा कधी देऊ. मला वाटतं हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. आधी हे ठरवायचं की माझा शेवटचा दिवस कुठला हवा, आणि तिथून नोटीस पिरियड मागे मोजत यायचं, मग पेपर टाकायची तारीख आपोआप समोर येते. कारण बोनस, ग्रॅच्युइटी, शेअर्स, मेडिक्लेम, यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत बघितलं जातं ते हेच की अमुक तारखेला तुम्ही पगारावर होतात का, आणि काही ठिकाणी हेही की त्या तारखेला तुम्ही नोटीसवर होतात का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यातल्या फरकाची किंमत मी स्वतः मोजलीये.

माझ्या दुसऱ्या नोकरीत वर्षभराचं व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा बोनस, मे महिन्याच्या पगारात यायचं होतं. मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पेपर टाकले, नवीन कंपनी घाई करत होती आणि माझा हिशोब सोपा होता, साठ दिवसांची नोटीस म्हणजे मी जूनपर्यंत पगारावर आहेच, मग मेचे पैसे कुठे जातात. पैसे आले नाहीत. एचआरने पॉलिसीतली एक ओळ दाखवली की पैसे द्यायच्या तारखेला कर्मचारी नोटीसवर असेल तर व्हेरिएबल मिळणार नाही. ती ओळ आधीपासून तिथे होती, मी वाचली नव्हती. अख्खं वर्ष राबून मिळवलेले पैसे पाच आठवड्यांच्या घाईत गेले. पुढे मी टीम सांभाळायला लागले, टेबलाच्या पलीकडे बसून बरेच राजीनामे घेतले, आणि हीच चूक माझ्याहून हुशार मुलामुलींना करताना बघितलं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. हे सगळं भारतातल्या खासगी नोकरीबद्दल आहे, सरकारी नोकरीचे नियम वेगळे.

आधी कागद काढा

ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, बोनसची पॉलिसी, शेअर्स मिळाले असतील तर त्याचं ग्रँट लेटर, आणि जॉइनिंग बोनस किंवा रीलोकेशनचे पैसे घेतले असतील तर तेव्हा सही केलेला कागद. हे सगळं एका संध्याकाळी शांतपणे वाचायचं आणि प्रत्येकातल्या तारखा एका शीटमध्ये टाकायच्या. एचआरला विचारत बसू नका, निदान या टप्प्यावर तरी, कारण "ग्रॅच्युइटी कधी मिळते हो" असा मेल गेला की समोरच्याला काय समजायचं ते समजतं. पॉलिसी बहुतेक ठिकाणी पोर्टलवर असतात, तिथेच वाचा.

वाचताना नोटीसच्या कलमावर जास्त वेळ द्या. किती दिवस हे सगळ्यांना माहीत असतं, तीस, साठ, नव्वद. पण नोटीस विकत घेता येते का, म्हणजे बायआउट, आणि ते दोन्ही बाजूंच्या मर्जीवर आहे की फक्त कंपनीच्या? कापणार ते बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, की ग्रॉसवर, म्हणजे भत्ते धरून एकूण पगारावर, कारण दोन्हीत अक्षरशः दुप्पट फरक पडू शकतो. शिल्लक रजा नोटीसमध्ये ॲडजस्ट होते का? नोटीसमध्ये सुट्टी घेतली तर शेवटचा दिवस तेवढा पुढे ढकलतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीनेच सांगितलं की उद्यापासून येऊ नका, तर उरलेल्या नोटीसचे पैसे देणार की नाही?

हा शेवटचा प्रश्न लोक मनावर घेत नाहीत. काही कंपन्यांत, खास करून तुम्ही स्पर्धक कंपनीत जात असाल किंवा ग्राहकांचा डेटा तुमच्याकडे असेल, तर राजीनामा दिला त्याच दिवशी लॅपटॉप जमा करून घेतात. म्हणून माझा नियम असा की जे पैसे तुम्ही धरून चाललाय ते खात्यात जमा झाल्याशिवाय पेपर टाकायचे नाहीत. लेटर मिळालं म्हणजे पैसे मिळाले नाहीत, पगाराच्या स्लिपवर आकडा दिसला म्हणजेही नाही, बँकेत आले की मिळाले.

नोटीस पे कापलं तर त्यावर वर जीएसटी लागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने सर्क्युलर काढून तो लागत नाही हे स्पष्ट केलंय.

ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षांचा उंबरठा

जे लोक साडेचार वर्षांच्या आसपास आहेत त्यांनी हा भाग दोनदा वाचा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापासून नियम असा चालत आलाय की एकाच कंपनीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून येणारी एकरकमी रक्कम, मिळते, राजीनामा देऊन गेलात तरी मिळते. हिशोब असा: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक चाळीस हजार असेल तर एका वर्षाचे साधारण २३,०७७ रुपये होतात आणि पाच वर्षांचे १,१५,३८५ च्या आसपास. खासगी कंपन्यांसाठी वीस लाखांची मर्यादा आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुढचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे पाच वर्षं पाच महिन्यांनी गेलात तर पाच वर्षांचे पैसे आणि पाच वर्षं सात महिन्यांनी गेलात तर सहा वर्षांचे. वरच्याच उदाहरणात हा तेवीस हजारांचा फरक झाला, नोटीसची तारीख दोन महिने इकडे तिकडे केल्याचा. नोटीसचे दिवस नोकरीतच मोजले जातात, म्हणून इथेही महत्त्वाचा असतो तो शेवटचा दिवस, पेपर टाकल्याचा दिवस नव्हे.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की चार वर्षं दोनशे चाळीस दिवस झाले तरी चालतं. याला आधार आहे, मद्रास हायकोर्टाने १९९६ मध्ये तसा निकाल दिलाय, कायद्यात सलग सेवेची जी व्याख्या आहे तिच्यावरून. पण बऱ्याच कंपन्या पूर्ण पाच वर्षंच धरतात आणि मग तुम्हाला भांडत बसावं लागतं. तीन चार महिन्यांचाच प्रश्न असेल तर भांडण विकत घेण्यापेक्षा पाच वर्षं पूर्ण करा असं माझं स्पष्ट मत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्याने दोन गोष्टी बदलल्या. फिक्स्ड टर्म करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आणि वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ज्यांचा बेसिक मुद्दाम कमी ठेवलेला होता त्यांचा आकडा त्यामुळे वाढू शकतो, म्हणून हिशोब हातात आला की बेसिक कुठला धरलाय ते बघा.

बोनस, शेअर्स आणि परत द्यावे लागणारे पैसे

बोनस या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक कायद्याने मिळणारा, जो कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना लागू असतो, किमान ८.३३ टक्के, आणि त्या आर्थिक वर्षात तीस दिवस काम केलं असेल तर तो तुमचाच, तुम्ही मधेच सोडून गेलात तरी. हा लोक विसरून जातात कारण तो वाटला जातो तेव्हा आपण तिथे नसतो. तुम्ही या गटात असाल तर निघताना एचआरला मेलवर लिहून ठेवा की बोनस या खात्यात जमा करावा, आणि ते खातं बंद करू नका.

दुसरा म्हणजे व्हेरिएबल, परफॉर्मन्स बोनस, जो काही म्हणत असतील तो. हा पूर्णपणे कंपनीच्या पॉलिसीवर चालतो आणि इथेच ते दोन वेगळे प्रश्न येतात, पगारावर असणं आणि नोटीसवर नसणं. समजा व्हेरिएबल ३१ जुलैला येतं आणि तुमची नोटीस साठ दिवसांची. पॉलिसी फक्त एवढंच म्हणत असेल की त्या दिवशी पगारावर असायला हवं, तर २ जूनला पेपर टाकून १ ऑगस्टला मोकळे होऊ शकता. पण नोटीसवरही नसावं असं म्हणत असेल तर पैसे आल्यावर १ ऑगस्टला पेपर आणि सप्टेंबरअखेर सुटका. पॉलिसीतल्या एका ओळीने दोन महिन्यांचा फरक पडतो, म्हणून नवीन कंपनीला जॉइनिंगची तारीख सांगायच्या आधी ती ओळ वाचायची. मी नव्हती वाचली.

आता नवीन कंपनी थांबायला तयार नसेल तर? मग त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. सांगा की मी आत्ता निघाले तर इतके पैसे सोडून येतेय, ते तुम्ही जॉइनिंग बोनसमध्ये भरून द्याल का, नोटीसचं बायआउट कराल का. ही मागणी करण्यात कमीपणा काही नाही, एचआरला तिची सवय असते, फक्त आकडा खरा सांगा कारण ते लेटर मागू शकतात. आणि मिळालं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बायआउटचे किंवा जॉइनिंग बोनसचे पैसे पगार म्हणूनच धरतात, त्यावर टॅक्स बसतो. आणि जॉइनिंग बोनसच्या मागे शेपूट असतं, एक किंवा दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत द्यायचा. जुन्या कंपनीचाही असा काही कागद असेल तर शीटमध्ये ती तारीख लाल रंगात टाका. परत घेताना पूर्ण रक्कम घेतात की टॅक्स कापून जेवढी हातात आली तेवढी, हेही त्या कागदात बघा, कारण पूर्ण मागितली तर मधला टॅक्स तुमच्या खिशातून गेल्यासारखा होतो.

शेअर्सचं, म्हणजे ईसॉप किंवा आरएसयूचं, बघायचं असेल तर वेस्टिंगच्या, म्हणजे शेअर्सवर तुमचा हक्क पक्का होण्याच्या, तारखा बघा. बहुतेक योजनांत पहिलं वर्ष भरायच्या आत गेलात तर शून्य. ईसॉप वेस्ट झाले तरी नोकरी सोडल्यावर ते घ्यायला ठराविक मुदत असते, ती संपली की गेले, आणि घ्यायला रोख पैसे लागतात वर त्यावर टॅक्स. पेपर टाकायच्या आधी हा हिशोब हातात नसेल तर नंतर धावपळ होते.

आता पैशाच्या पलीकडचा भाग. बोनससाठी थांबणं आणि बोनस मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी पेपर टाकणं, याबद्दल कित्येकांना अपराधी वाटतं. मला वाटत नाही. व्हेरिएबल हे झालेल्या कामाचे पैसे आहेत, तुम्ही ते कमावलेत. पण प्रमोशन, परदेशातली पोस्टिंग, कंपनीच्या खर्चाने महागडं ट्रेनिंग, नवीन प्रोजेक्टची जबाबदारी, हे पुढच्या कामासाठी दिलेलं असतं. ऑफर खिशात ठेवून ते घेऊ नका. बोनस घेऊन गेलेल्यांची नावं मला आठवतही नाहीत, पण एकाने आमच्याकडून क्लायंटच्या ऑफिसात पाठवून घेतलं, क्लायंटला त्याची ओळख करून दिली, आणि तीन आठवड्यांत पेपर टाकले. क्लायंटने मला विचारलं की तुम्हाला माहीत नव्हतं का. त्याचं नाव आजही कुठे निघालं तर मी गप्प बसते, आणि अशा वेळी गप्प बसण्याचा अर्थ ऐकणाऱ्याला बरोबर कळतो.

ट्रेनिंगवरून आठवलं, बाँड. बाँड कोर्टात टिकत नाही असं सरसकट कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही हे खरं, पण ठराविक काळ नोकरी करा नाहीतर इतके पैसे भरा ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची अट आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला.

ज्या तारखा कुणी सांगत नाही

घरासाठी कर्ज काढायचं असेल तर ते वितरित होऊन हातात येईपर्यंत पेपर टाकू नका. बँका शेवटच्या काही महिन्यांच्या स्लिप मागतात, मध्येच कंपनीत फोनही करतात, आणि नवीन नोकरीतल्या पहिल्या महिन्यात फाइल पुढे सरकवणं अवघड जातं.

घरात बाळ येणार असेल तर आईने नोकरी बदलताना ऐंशी दिवस मोजावेत. प्रसूती रजेचा कायदेशीर हक्क, पहिल्या दोन मुलांपर्यंत सव्वीस आठवडे, त्याच कंपनीत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ऐंशी दिवस काम झालं असेल तरच मिळतो. नवीन कंपनी याहून जास्त उदार असेल तर चांगलंच, पण ते लेखी घ्या. माझ्या टीममधल्या एकीने हा हिशोब लावूनच आपली जॉइनिंगची तारीख ठरवली होती आणि मला त्यात काहीही गैर वाटलं नाही.

ग्रुप मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. आई-वडील त्यात असतील आणि कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर शेवटचा दिवस त्यानंतरचा धरा. दोन नोकऱ्यांमध्ये पंधरा दिवसांची गॅप घेत असाल तर त्या पंधरा दिवसांत कुणाचाही विमा नाही हे डोक्यात ठेवा. नवीन स्वतःची पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का याची चौकशी निघायच्या आधी करा, नंतर नाही.

टॅक्सचं एक. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर नवीन कंपनीला आधीचं उत्पन्न आणि कापलेला टॅक्स स्वतःहून सांगा. नाही सांगितलं तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब देऊन टाकतात, महिन्याला टॅक्स कमी कापला जातो म्हणून बरं वाटतं, आणि रिटर्न भरताना मोठी रक्कम व्याजासकट समोर उभी राहते. ३१ मार्चला निघालात तर ही भानगडच नाही, पण फक्त एवढ्यासाठी कुणी मार्चपर्यंत थांबावं असं मी म्हणणार नाही. शिल्लक रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळाले तर त्यावर कायद्याच्या सूत्रानुसार सूट आहे, आयुष्यभराची मिळून पंचवीस लाखांपर्यंत. तेच पैसे नोकरीत असताना घेतले तर पूर्ण टॅक्स. म्हणजे निघायचं पक्कं असेल तर रजा आधी विकू नका.

आणि घरखर्च. वेतन संहितेत म्हटलंय की राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. पण वर्षानुवर्षांची सवय अशी की शेवटच्या महिन्याचा पगार, कधी कधी नोटीसच्या सगळ्याच महिन्यांचा, रोखून ठेवायचा आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे निघाल्यावरच्या शेवटच्या हिशोबात, दीड महिन्याने द्यायचा. म्हणून हक्क माहीत असू द्या, पण ईएमआय आणि भाडं धरून निदान दोन महिन्यांचा खर्च बाजूला काढूनच पेपर टाका. नवीन कंपनीचा पहिला पगारही महिनाअखेरच येतो, आणि महिन्याच्या शेवटी शेवटी जॉइन झालात तर काही ठिकाणी तो पुढच्या महिन्यात ढकलतात.

सांगायचं कसं आणि कुणाला

नवीन कंपनीचं सही शिक्क्याचं ऑफर लेटर हातात, त्यात पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख आणि तोंडी ठरलेल्या सगळ्या गोष्टी, आणि तुम्ही ते स्वीकारल्याची पोच. हे झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही. "कन्फर्मच आहे, लेटर उद्या येतंय" यावर पेपर टाकून दोन महिने घरी बसलेली माणसं मी बघितलीयेत.

मग आधी मॅनेजरला, समोरासमोर किंवा कॉलवर, आणि त्याच दिवशी मेल. टीममधल्या जिवलग मैत्रिणीलाही आधी नाही. मॅनेजरला ही बातमी चहाच्या टेबलावरून कळली तर पुढचे साठ दिवस तुम्हाला जड जातात, आणि त्याचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. वार निवडता येत असेल तर सोमवार किंवा मंगळवार बरा, त्यांना आठवडाभरात माणूस शोधायला आणि वर सांगायला वेळ मिळतो. रिलीज, ऑडिट, वर्षअखेरचं क्लोजिंग, असं काही पुढच्या चार दिवसांवर असेल तर चार दिवस थांबा. चार महिने नका थांबू, कारण ऑफिसात कायम काही ना काही चालूच असतं आणि योग्य वेळ येण्याची वाट बघत बसलेला माणूस तिथेच राहतो.

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सरळ विचारतात की तू आहेस ना पुढची दोन वर्षं. इथे खोटं आश्वासन देऊ नका. "मला इथे पुढे काय काम मिळेल ते समजून घ्यायचंय" असं म्हणून विषय कामाकडे न्या, त्यात खोटं काही नाही. हो म्हणून पंधरा दिवसांत पेपर टाकलेत तर लक्षात राहतो तो होकार.

मेल चार ओळींचा पुरे. मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे, करारानुसार नोटीस अमुक दिवसांची, त्याप्रमाणे शेवटचा दिवस अमुक तारीख, हँडओव्हर नीट करून देईन, संधीबद्दल आभार. कारणं, तक्रारी, नवीन कंपनीचं नाव, काही नको. तारीख मात्र स्पष्ट लिहा, आणि त्यावर उत्तरात मान्यता मागून घ्या, कारण पुढे एक दिवस जरी इकडे तिकडे झाला तरी वरचा सगळा हिशोब त्या तारखेवर उभा आहे.

काउंटर ऑफर येईल. पगार वाढवतो, प्रोजेक्ट बदलतो. त्याचं उत्तर पेपर टाकायच्या आधी ठरवून जा, खोलीत बसून ठरवू नका. पैसे हेच कारण असेल तर राजीनाम्याआधी एकदा मोकळेपणाने मागून बघा, त्याने कुणाचंही नाव खराब होत नाही. पण राजीनामा देऊन, काउंटर घेऊन, नवीन कंपनीला जॉइनिंगच्या आदल्या दिवशी नाही म्हणणं, यात दोन्हीकडची पत जाते. नव्वद दिवसांच्या नोटीसमध्ये तीन तीन ऑफर गोळा करणारे लोक असतात, मी त्यांना पूर्ण दोषही देत नाही, एवढी लांब नोटीस ठेवली की असं होणारच. तरी मन बदललं असेल तर कळल्या दिवशी फोन करून सांगा. फोन न उचलणं सगळ्यात वाईट, एचआरची माणसं पण कंपन्या बदलतात आणि नावं बरोबर घेऊन जातात.

नोटीसचे दिवस

वर्षानुवर्षं केलेलं काम लोक सरासरीने लक्षात ठेवतात आणि शेवटचे साठ दिवस जसेच्या तसे. हे न्याय्य नाही, पण असंच होतं हे मी टीम सांभाळताना पाहिलंय. म्हणून केटी, म्हणजे आपल्या कामाची माहिती दुसऱ्याला समजावून देणं, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. पहिल्या दोन आठवड्यांत लिहून काढा, कुठली गोष्ट कुठे आहे, कुणाला विचारायचं, काय अर्धवट आहे आणि काय बिघडायची शक्यता आहे. मग उरलेल्या दिवसांत तुमच्या जागी आलेल्याला ते स्वतः करू द्या आणि तुम्ही बाजूला बसा, कारण नुसतं सांगून काम शिकता येत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने निघताना फक्त तीन पानांचा कागद ठेवला होता, पण त्यात रात्री सिस्टीम पडली तर पहिलं काय बघायचं ते क्रमाने लिहिलं होतं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेसाठी उभा होता, तिथून मला फोन आला, तेव्हा मी त्या तीन पानांबद्दलच बोलले.

काहीही झालं तरी न सांगता निघून जाऊ नका. नवीन कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र, मागते, पीएफच्या नोंदीवरून तुम्ही कुठे कधी होतात ते दिसतं. त्याच कारणाने दोन नोकऱ्यांच्या तारखा एकावर एक चढू देऊ नका, एक दिवस जरी चढला तरी पीएफ ट्रान्सफरच्या वेळी त्याबद्दल विचारणा होऊ शकते. मॅनेजर छळत असेल आणि एक दिवसही थांबणं शक्य नसेल तर नोटीसचे पैसे भरा, लेखी सांगा, आणि निघा. पैसे जातात, पण कागद स्वच्छ राहतो.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये तेच बोला जे मॅनेजरला आधी तोंडावर सांगितलंय. नवीन काही बाहेर काढायची ती जागा नाही. छळ किंवा गैरप्रकार झाला असेल तर गोष्ट वेगळी, तो लेखी आणि नोकरीत असतानाच नोंदवा. लिंक्डइनवरची पोस्ट शेवटच्या दिवसानंतर.

शेवटच्या आठवड्याआधी सगळ्या पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, अप्रेझलची लेटर, पीएफ आणि विम्याची माहिती डाउनलोड करून घ्या कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. फक्त स्वतःचे कागद. कंपनीच्या फाइल, कोड, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या मेलवर पाठवणं म्हणजे रिलीव्हिंग लेटर धोक्यात घालणं, आणि ते कुठल्या वेळी कुठून पाठवलं हे सगळं दिसतं.

बाहेर पडल्यावर

फुल अँड फायनलची शीट आली की ओळ न् ओळ तपासा. कामाचे दिवस, रजा किती धरली, नोटीस किती कापली, ग्रॅच्युइटीची वर्षं. चूक असेल तर शांत शब्दांत, आकडे आणि पॉलिसीची ओळ देऊन मेल करा, बहुतेक वेळा ती खरोखर चूकच असते आणि दुरुस्त होते. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. एकूण सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो, आणि ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीची वर्षंही त्यात धरली जातात. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते, तीही अशीच जोडत जोडत होते. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलीये का ते पोर्टलवर बघा, टाकली नसेल तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः आधारच्या ओटीपीने टाकू शकता.

आणि पहिल्या दोन महिन्यांत जुन्या टीममधून एखादा फोन येईल, अमुक गोष्ट कुठे ठेवलीये म्हणून. उचला आणि सांगा. पाच मिनिटांपेक्षा जास्तीचं काम असेल, किंवा नवीन कंपनीच्या नियमांत बसत नसेल, तर तसं म्हणा, ते समजून घेतात.